गवताच्या माळ्यावरचे शयनगृह

फ्रान्सच्या आल्प्समध्ये एक आठवडा घालवायचा, असे आम्ही ठरवले त्याला आता पाच महिने होत आले. या पाच महिन्यांत आखणी जेवढी झाली, त्याहून वाद अधिक झाला. लेक लिऑनला शिकते. तिला स्की शिकायचे आहे. आम्हां दोघांना या वयात ती हौस नाही. आम्हांला जुन्या वास्तू पाहायच्या आहेत, चार पुस्तके सोबत नेऊन निवांत वाचायची आहेत. आठवडाभर हॉटेल परवडणारे नाही, तेव्हा घर भाड्याने घेणे आले. म्हणजे कागदावर तीन रकाने झाले : स्की, वारसास्थळे, भाड्याचे घर. सहलींच्या कोणत्याही माहितीपत्रकात हेच तीन रकाने असतात आणि तिथे ते एकमेकांना त्रास देत नाहीत. आम्ही जी दरी निवडली तिथे मात्र ते वेगळे राहीनात.

दरी निवडण्याचे कारण उघड वाङ्मयीन होते. ओत-साव्वा प्रांतातील जिफ्र नदीच्या खोऱ्यात, कँसी नावाच्या वस्तीत जॉन बर्जर १९७० च्या दशकाच्या मध्यापासून राहिले. १९७२ साली 'जी' या कादंबरीला बुकर पारितोषिक मिळाले आणि पारितोषिकाची निम्मी रक्कम त्यांनी ब्लॅक पँथर्सना दिली, ही गोष्ट आपल्याकडचे विद्यार्थीही सांगतात; 'वेज ऑफ सीइंग' तर बहुतेकांनी वाचलेले असते. पण त्यानंतर हा लंडनचा चित्रसमीक्षक एका डोंगरी खेड्यात जाऊन गवत कापू लागला, आणि १९७९ ते १९९० या काळात 'पिग अर्थ', 'वन्स इन युरोपा', 'लायलॅक अँड फ्लॅग' ही शेतकऱ्यांच्या अस्ताची त्रयी त्याने लिहिली, इकडे फारसे कोणी वळत नाही. तौलनिक साहित्याच्या तासाला आम्ही 'पिग अर्थ' आणि माडगूळकरांची 'बनगरवाडी' शेजारी ठेवून अनेक वर्षे शिकवली. बनगरवाडी दुष्काळाने उठते. बर्जरच्या खेड्यात दुष्काळ नाही, पाणी मुबलक, गवत कमरेइतके. तरीही खेडे उठते. मुले खाली कारखान्यात जातात, पॅरिसला जातात, आणि म्हाताऱ्यांच्या हाती गुरे राहतात. हा फरक वर्गात समजावून सांगणे सोपे नसे. ते खोरे एकदा पाहावे, असे तेव्हापासून मनात होते.

आता त्या खोऱ्याचे प्रमुख गाव सामवँ. उंची साधारण सातशे मीटर, म्हणजे बर्फाची खात्री गावात नाहीच. गावातून गोंडोला सोळाशे मीटरवर नेतो आणि तिथून पुढे 'ग्राँ मासिफ' या नावाने पाच स्की-गावांचे उतार एकमेकांना जोडलेले आहेत, सर्वांत वरचे टोक अडीच हजार मीटरच्या जवळ. तिथून सिक्स्त गावापर्यंत चौदा किलोमीटरचा एकच उतार आहे. लेकीने त्याचा नकाशा भिंतीवर लावला आहे. हिरवा, निळा, लाल, काळा असा उतारांचा चढता क्रम असतो आणि हा उतार निळा, म्हणजे नवशिक्याला अगदीच अशक्य नाही, असे तिचे म्हणणे. त्या रकान्याविषयी आम्हांला एवढेच कळते. सहा सकाळींचा वर्ग, भाड्याचे बूट, उतारांचा पास, अपघाताचा विमा, हे सारे तिने परस्पर ठरवले आहे.

वारसास्थळांचा रकाना आमचा. तो भरायला बसलो आणि तिथेच प्रथम अडखळलो. सामवँची कीर्ती पाथरवटांची. स्थानिक बोलीत त्यांना 'फ्राआँ' म्हणत. १६५९ साली त्यांनी आपला संघ स्थापला. उन्हाळ्याच्या तोंडाला ही मंडळी गाव सोडून दूरदूर जात, वोबाँच्या किल्ल्यांवर त्यांनी काम केले आणि हिवाळ्यात परतत. परक्यांसमोर बोलायला 'मुरमे' नावाची त्यांची स्वतःची गुप्त भाषा होती. भाषेच्या अभ्यासकाला असा तपशील मिळाला की तो बाकीचे विसरतो. आमचेही दोन दिवस त्यातच गेले. मग ध्यानात आले की ज्या घडीव दगडांच्या चौकटी, कारंजी आणि चौकातला १४३८ सालचा म्हणून सांगितला जाणारा लिंडेनचा वृक्ष पाहायला आपण जाणार, ते गाव मुळातच बाहेर जाणाऱ्यांचे गाव होते. तिथल्या जमिनीवर सर्वांचे पोट भरत नव्हते. गावातली 'झाईसिनिया' ही डोंगरउतारावरची वनस्पतिबागही तीच कथा सांगते. मारी-लुईज झाई ही या खोऱ्यात जन्मलेली, गुरे राखणारी मुलगी पोरवयात पॅरिसला गेली, नवऱ्यासोबत तिने 'ला सामारितेन' हे प्रचंड दुकान उभे केले आणि १९०६ मध्ये गावाला बाग दिली. म्हणजे पाहण्यासारखे जे काही आहे, ते गेलेल्या माणसांनी घडवलेले किंवा परत पाठवलेले.

दुसरे स्थळ आसीच्या पठारावरचे. क्लूझहून रेल्वेने सालांशपर्यंत आणि पुढे बसने वर जायचे. आज निसर्गरम्य म्हणून ओळखले जाणारे हे पठार एके काळी क्षयरोग्यांचे होते. स्वच्छ हवेसाठी तिथे सॅनेटोरियमांची रांग उभी राहिली. मारी क्यूरी यांचा १९३४ साली मृत्यू झाला तोही याच परिसरातल्या सान्सेलमोझ येथे. या रोग्यांसाठी मॉरिस नोव्हारिना या वास्तुशिल्पकाराने चर्च बांधले, आणि फादर कुतुरिए या डॉमिनिकन धर्मगुरूने एक धाडस केले : श्रद्धाळू असो वा नसो, काळातला उत्तम कलावंत बोलवायचा. दर्शनी भिंतीवरचे मोझेक फर्नां लेजेचे, आत लुर्साचा भव्य पडदा, दोघेही कम्युनिस्ट. शागाल ज्यू. शिवाय मातिस, रुओ, बोनार. १९५० मध्ये चर्चची प्रतिष्ठापना झाली आणि पुढच्याच वर्षी जेर्मेन रिशिए यांचा क्रूसावरचा ख्रिस्त बिशपच्या आदेशाने वेदीवरून हलवावा लागला, कारण त्याला चेहरा नव्हता. देह आणि लाकूड एक झाले होते. पुढे बऱ्याच वर्षांनी तो परत आपल्या जागी आला. एका सहलीत एकच वास्तू पाहता येणार असेल तर हीच पाहावी असे आमचे मत आहे, आणि ते कलेच्या यादीतील नावांमुळे नाही. ज्यांना जायला दुसरीकडे जागा नव्हती अशा माणसांसाठी हे केले गेले. आज पास गळ्यात अडकवून येणाऱ्यांना डोंगरातली हवा विकत मिळते. तेव्हा ती शेवटचा उपाय म्हणून लिहून दिली जात होती.

असो. खरा वाद झाला तो तिसऱ्या रकान्यावर.

भाड्याच्या घराला फ्रान्समध्ये 'जीत' म्हणतात. आपल्या जीत-हारीशी त्याचा संबंध नाही, जरी मनासारखे घर मिळवताना तो असल्यासारखा वाटतो. हिवाळ्यात करार बहुधा शनिवार ते शनिवार. शाळांच्या सुट्या तीन विभागांत वाटलेल्या, त्यामुळे फेब्रुवारीपासून चार आठवडे गर्दी आणि भाडे दोन्ही चढलेले. आम्ही मार्चचा मध्य धरला. अनामत वेगळी, शेवटच्या साफसफाईचे पैसे वेगळे, पर्यटनकर वेगळा, चादरी आणि टॉवेल आपले आपण आणायचे नाहीतर त्याचेही पैसे. व्हिसाच्या अर्जाला राहण्याचा पुरावा आणि तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा जोडावा लागतो. त्यामुळे घर आधी, विचार मागाहून, असा क्रम भारतीय प्रवाशावर लादलेलाच असतो.

पहिले घर आम्हांला पाहताक्षणी आवडले. दोनशे वर्षांचे शेतकऱ्याचे घर, रुंद छप्पर, काळवंडलेले लाकूड. वर्णनात लिहिले होते : पूर्वीच्या गवताच्या माळ्यावर प्रशस्त शयनगृह, पूर्वीच्या गोठ्यात बैठकीची खोली, मूळ दगडी गव्हाणीसह. 'पिग अर्थ' वाचलेल्या माणसाला ही जाहिरात उलटी वाचता येते. त्या घरांत माणसे आणि गुरे एका छपराखाली राहत कारण गुरांच्या अंगाची ऊब हिवाळ्यात घराला लागे, आणि माळ्यावर रचलेले गवत थंडी अडवी. गवत म्हणजे अख्ख्या हिवाळ्याची शिल्लक. ती कमी पडली तर गाय विकावी लागे. आता त्याच माळ्यावर दुहेरी पलंग आहे आणि गव्हाणीत सुकवलेली फुले. घरात दोन संडास असल्याचे ठळक अक्षरांत नोंदवले होते. कँसीच्या घराबाहेरच्या संडासातला वर्षभराचा मैला स्वतः उपसून पुरण्यावर बर्जर यांनी एक निबंध लिहिला आहे, आणि त्यात मध्येच कुंदेराशी वाद घातला आहे. तो निबंध आठवून आम्ही हसलो, आणि घर नाकारायचे ठरवले.

लेकीला हे मुळीच पटले नाही. तिचे बोलणे इथे जवळजवळ तसेच देतो. ती म्हणाली, "बाबा, तुम्हांला त्यांचा गोठा हवा आहे. त्यांना तो नको होता. सहा महिने शेणाच्या वासात झोपायला कोणाला आवडतं? आई, तूच सांग, आजीच्या घरातली चूल मोडली तेव्हा तू रडली होतीस का?" हिने उत्तर दिले नाही, कारण ती रडली नव्हती.

इथे बर्जर लेकीच्या बाजूला आहेत, हे मान्य करणे भाग आहे. 'पिग अर्थ'च्या अखेरीस जोडलेल्या ऐतिहासिक टिपणात त्यांनी शेतकऱ्यांच्या संस्कृतीला तगून राहण्याची संस्कृती म्हटले आणि तिच्यासमोर प्रगतीची संस्कृती ठेवली; पण त्याच टिपणात हेही बजावले की जुने शेतकरी जीवन जसेच्या तसे जपा असे म्हणणे म्हणजे शेतकऱ्यांचे शोषण चालू ठेवा असे म्हणणे आहे. पुस्तकाच्या आरंभी तर ते आपण स्वतः तिथले नाही, निवडून तिथे राहायला आलेले परके आहोत, हे स्पष्ट नोंदवतात. निवड हा शब्द आमच्या वादात वारंवार आला. जो निवडून येतो तो निवडून जाऊही शकतो. शनिवार ते शनिवार हे त्याचेच टोक.

मग आम्ही दुसऱ्या टोकाचे घर पाहिले. वर फ्लेन हे सोळाशे मीटरवरचे स्की-गाव आहे, १९६० च्या दशकात कोऱ्या पठारावर उभारलेले. वास्तुशिल्पकार मार्सेल ब्रॉयर, बाउहाउसचे, पॅरिसच्या युनेस्को मुख्यालयाच्या रचनाकारांपैकी एक. करड्या काँक्रीटच्या इमारती, चौकात पिकासो, द्युब्युफे आणि वासारेली यांची शिल्पे; त्यातल्या काही इमारती आता संरक्षित स्मारके आहेत. पुष्कळांना ते गाव कुरूप वाटते. आम्हांला छायाचित्रांत ते ताठ आणि सरळ वाटले : प्रवाशांसाठी बांधले, प्रवाशांनाच दिले, कोणाच्या माळ्यावरचे गवत उतरवले नाही. उन्हाळी कुरण मात्र गेले. ते कुणाचे तरी होतेच. पण मार्चमध्ये तिथून खाली खोऱ्यात ये-जा करणे जिकिरीचे, आणि आम्हांला खोरे हवे होते.

यात केवळ वाचकाचे भावनिक प्रश्न आहेत असेही नाही. ओत-साव्वात सुटीतल्या घरांनी भाव इतके चढले आहेत की शाळेतला शिक्षक, गोंडोला चालवणारा, दुकानातली मुलगी यांना गावात घर मिळणे कठीण. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्रान्सने कायदा करून पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या घरांची संख्या मर्यादित करण्याचे आणि काही नवी बांधकामे कायम राहणाऱ्यांसाठीच राखण्याचे अधिकार नगरपालिकांना दिले. म्हणजे आमच्या तिसऱ्या रकान्यातली प्रत्येक निवड कोणाच्या तरी घराच्या शोधाशी भिडते. 'लुसी काब्रोलची तीन आयुष्ये' या बर्जर यांच्या दीर्घकथेत भावांनी घराबाहेर काढलेल्या लुसीसाठी अखेर मेलेली माणसे एकत्र येऊन डोंगरावर घर उभारतात. वर्गात आम्ही तो प्रसंग अद्भुताचे उदाहरण म्हणून शिकवत असू. भाड्याचे तक्ते चाळताना तो फार वास्तववादी वाटू लागला.

शेवटी घेतले ते घर दिसायला साधे आहे. मालकीण वरच्या मजल्यावर राहते, खालचा मजला भाड्याने देते. आम्ही पत्रात विचारले, की घर जुने आहे का. तिचे उत्तर मोजक्या ओळींचे होते : खालचा मजला गोठा होता, १९८४ साली शेवटच्या चार गाई विकल्या, भिंतींना नवे आवरण घातले आहे आणि जमीन तापवलेली आहे, काळजी नसावी. पुढे लिहिले होते, की खालच्या भाड्यामुळेच तिला वरचे घर ठेवता येते. गव्हाणीबद्दल आम्ही विचारले नव्हते. तिने आपणहून सांगितले, ती काढून टाकली, जागा फार अडवत होती. लेकीने ते पत्र दोनदा वाचून दाखवले.

कँसीला जायचे का, हा प्रश्न उरला आहे. बस त्या बाजूने जाते. बर्जर २ जानेवारी २०१७ रोजी गेले. त्यांच्या घरासमोर उभे राहून छायाचित्र काढण्याला आमच्यापैकी एकाचा ठाम विरोध आहे, आणि दुसऱ्याचे म्हणणे की इतके दूर जाऊन बसमधून उतरायचेही नाही, हा सोवळेपणा झाला. चर्चसाठी बुधवार राखला आहे. क्लूझ स्थानकावरून सामवँच्या बसची वेळ लेक कळवणार आहे. किल्ली शनिवारी चारनंतर मिळेल. चादरी आम्ही इथूनच नेत आहोत.