बंद पडलेला संगणक आणि जुना सर्व्हे नंबर



भाताची लावणी, खताचा हप्ता, करपा रोग असे माझे नेहमीचे विषय. आजचा विषय निराळा आहे, पण तोही आता आपल्या घरातलाच झाला आहे. आमच्या मुळशी तालुक्यात कौलारू घरातसुद्धा कोपऱ्यातल्या टेबलावर संगणक दिसतो. २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला, खेड्यापाड्यांतली पोरे-पोरी तो शिकून आली, आणि मग घरात हे यंत्र आले. आणले मुलांच्या अभ्यासासाठी, पण आज त्यात दुधाचा हिशेब आहे, बचत गटाची खाती आहेत, लग्नाचे फोटो आहेत. म्हणून ते अडले की घरातली कागदपत्रांची पेटीच कुलूपबंद होते.

चांगले चालणारे यंत्र अडते कसे? पुष्कळदा कुणीतरी त्याची सेटिंग बदललेली असते. त्यालाही कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती थांबवली. विंडोज ११ घ्यावी, तर ती ‘सिक्युअर बूट’ आणि ‘टीपीएम २.०’ अशा सोयी मागते. मग तरुण मुले मोबाइलवर बघून यंत्राच्या आतल्या सेटिंगमध्ये शिरतात, चार गोष्टी बदलतात, आणि यंत्र पुन्हा सुरू होत नाही.

माझ्या थोरल्या चुलत भावाच्या घरी हेच झाले. २०२५ ची दिवाळी सरली होती, इंद्रायणीची कापणी चालू होती. पुतण्या सुट्टीला आला होता. त्याने रात्री बसून काहीबाही बदलले. सकाळी वहिनी बचत गटाचे हप्ते भरायला बसल्या, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ. अर्थ असा, की ज्यावरून यंत्र सुरू करायचे ती तबकडी सापडत नाही. भावाने डबा उचलून बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात नेला. तिथे उत्तर मिळाले, “हार्डडिस्क गेली. फॉरमॅट मारावी लागेल, आतलं काही राहणार नाही.”

त्यात बारा बायकांचा चार वर्षांचा हिशेब होता. वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, पैसे माझे एकटीचे असते तर सोडून दिलं असतं. उद्या बैठकीत कुणी विचारलं, माझे किती भरले, तर मी काय दाखवू?”

भावाला मी डबा परत आणायला सांगितले. पुतण्याला एवढेच विचारले, “काल काय काय बदललंस ते आठवून कागदावर लिही.” त्याने तीन गोष्टी लिहिल्या. त्या कागदावरच निम्मे काम झाले.

आता यंत्र सुरू कसे होते ते पाहा. बटण दाबल्यावर लगेच विंडोज येत नाही. आधी मुख्य पाटीवरचा एक छोटा कार्यक्रम जागा होतो. त्याला बायोस म्हणतात, नव्या यंत्रात यूईएफआय. तो आतले भाग तपासतो, आपली सेटिंग वाचतो आणि त्याप्रमाणे हार्डडिस्कवर विंडोज शोधायला जातो. सेटिंगमध्ये चुकीचा पत्ता असेल, तर तो हात हलवत परत येतो.

आपल्या जमिनींचे एकत्रीकरण झाले तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर घेऊन नव्या वहीत शोधले, तर उतारा सापडत नाही. म्हणून काही जमीन वाहून गेलेली नसते. भावाच्या संगणकाचे तेच होते. हार्डडिस्कची आखणी जुन्या पद्धतीची, आणि पोराने ‘सीएसएम’ ही सोय बंद करून यंत्राला फक्त नव्या पद्धतीने शोधायला लावले होते.

यंत्र सुरू करताना डिलीटचे बटण टिचकत राहिलो, तशी सेटिंगची पाटी उघडली. काही यंत्रांना एफ-टू दाबावे लागते. तिथल्या यादीत हार्डडिस्कचे नाव दिसत होते. नावच दिसत नसते, किंवा डिस्क टकटक वाजत असती, तर काळजी होती. मग कागदावरच्या तीन गोष्टी उलट क्रमाने, एकेक करून पूर्ववत केल्या. प्रात्यक्षिकाच्या प्लॉटवर आपण एका वेळी एकच खत बदलून पाहतो, नाहीतर कशाने काय झाले ते कळत नाही. इथेही तोच नियम. दुसऱ्या खेपेला ‘सीएसएम’ चालू केले आणि विंडोज उघडली. वहिनींनी आधी गटाची खाती पेन ड्राइव्हवर उतरवून घेतली, मग चहा ठेवला.

आपल्या घरी असे झाले, आणि काय बदलले ते आठवत नसेल, तर त्याच पाटीवर ‘लोड डिफॉल्ट्स’ असते. त्याने कारखान्यातली मूळ सेटिंग येते. पण ती आपल्या विंडोजला जुळेलच असे नाही. म्हणून त्यानंतर ‘बूट ऑर्डर’मध्ये आपली हार्डडिस्क पहिली आहे ना, हे पाहावे. पडद्यावर काहीच येत नसेल, तर वायर काढून, झाकण उघडून, पाटीवरचा रुपयाएवढा सेल काही मिनिटे काढून ठेवावा. सेटिंग पुसली जाते. लॅपटॉप मात्र घरी उघडू नये.

हा सेल साधारण सीआर २०३२ जातीचा, ३ व्होल्टचा असतो. ताम्हिणीकडच्या पावसात वीज दिवसदिवस नसते. सेल कमजोर असेल तर तेवढ्यात तारीख मागे जाते, सेटिंगही विसरते, आणि कुणी हात न लावताही यंत्र अडते. तारीख पुन:पुन्हा चुकू लागली की सेल बदलावा.

नव्या लॅपटॉपवर आणखी एक जपा. काहींत माहिती ‘बिटलॉकर’च्या कुलपात असते, आणि सेटिंग बदलल्यावर ते ४८ आकडी किल्ली मागते. ती आधी कागदावर उतरवून ठेवल्याशिवाय सेटिंगला हात लावू नये.

आणि कुणी फॉरमॅट म्हणाले, की लगेच मान हलवू नका. हार्डडिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडता येते. आधी तशी जोडून माहिती उतरवून द्या, मग काय ते करा, असे दुकानदाराला स्पष्ट सांगा. मुलांना सेटिंग बघायला बंदी घालू नका, त्यातूनच ती शिकतात. फक्त बदलण्याआधी पाटीचा मोबाइलवर फोटो काढायला लावा. आणि गटाची बैठक झाली, की त्याच दिवशी खाती पेन ड्राइव्हवर उतरवून तो कपाटात ठेवा.