डोंगराची गोधडी

पुण्याहून नाशिकला जाताना आळेफाटा लागतो. कल्याणहून अहिल्यानगरला, म्हणजे आपल्या जुन्या नगरला जाणारा रस्ता इथेच आडवा येतो. बहुतेक प्रवासी चहा घेऊन पुढे जातात. फार तर आळे गावात जाऊन ज्ञानेश्वरांच्या रेड्याच्या समाधीला हात जोडतात. मैत्रिणींनो, तुम्ही उन्हाळ्यात आलात, तर दर्शनानंतर डोंगरांकडेही नजर टाका. खाली पाण्यावर कांदा-टोमॅटो हिरवेगार, आणि वर पिवळ्या गवतात मोठाले काळे डाग. ते वणव्याचे.

रात्री गच्चीवरून वणवा मोठा देखणा दिसतो, डोंगराला जरीचा काठ लावल्यासारखा. सकाळी मात्र वाळत घातलेल्या कुरडयांवर काळी राख बसलेली असते!

उन्हाळा म्हणजे आमचा गोधड्या शिवायचा हंगाम. गेल्या वर्षी आम्ही शेजारणींनी वणव्याचीच गोधडी घातली. गवताला हळदी रंगाचं जुनं लुगडं, पळसाच्या फुलांना केशरी परकर, आणि जळक्या भागाला संक्रांतीची विटलेली चंद्रकळा. (कपडा सुतीच घ्या हं. नायलॉनवर टाका सरकतो, आणि ऊबही नाही.) वणवा चढावर जोरात धावतो, कारण ज्वाळेनं वरचं गवत आधीच तापून कोरडं होतं. म्हणून काळी ठिगळं खाली निमुळती आणि वर रुंद कापली. मधून एक पांढरी पट्टी सोडली, ती जाळरेषा. वनखातं उन्हाळ्याआधी गवताचा पट्टा साफ करून ठेवतं, म्हणजे आग तिथवर येऊन थांबावी.

सगळं छान चाललं होतं. मग एकीनं विचारलं, "आणि काडी लावणारा कुठंय?"

झालं! सुया थांबल्या. वीज पडून आग लागते असं आपण म्हणतो खरं, पण भर उन्हाळ्यात आमच्याकडे बहुतेक वणवे माणसाच्या हातचेच. कुणाची विडी, कुणाचा पेटवलेला बांध. आणि पुष्कळदा "गवत जाळलं की पावसाळ्यात जोमानं येतं" ही समजूत. गल्लीतल्या आजी हेच म्हणाल्या, "आमच्या घरात पहिल्यापासून जाळतात. कोंब हिरवे येतात की नाही?"

येतात ना. वाळकं गवत नाहीसं झाल्यानं ते लवकर नजरेत भरतात, एवढंच. पण राखेतला कस वाऱ्यानं उडतो, उघड्या उतारावरची माती पहिल्या सरींनी वाहून जाते. झाडांची रोपटी जातात, जमिनीवर घातलेली टिटवीची, लाव्याची अंडी जातात. १९२७ च्या वन कायद्यानं राखीव जंगलाला आग लावणं गुन्हा आहे, पण घरच्या माणसाला कायदा कोण सांगणार?

शेवटी काडीवाला टाचायचं ठरलं. "त्याला धोतर नेसवू नका बाई," आजी म्हणाल्या, "आमचेच वाटतील." मग विजार शिवली. आता जो पाहुणा येतो, तो विजारीचा कपडा कुणाकडचा, हेच आधी विचारतो!

शाळेत मी ती दोन दिवस भिंतीवर लावली. एका मुलानं घरी जाऊन आजोबांना काडीवाल्याबद्दल विचारलं म्हणे. ते काय म्हणाले, ते मात्र सांगेना.

गोधडी सध्या आजींकडेच आहे. ऊब चांगली आहे म्हणतात. पांघरताना काडीवाला पायाशी येईल अशी घेतात.