छत्तीसचा आकडा

माझ्या खालच्या जबड्यातली डावीकडची एक दाढ माझी नाही. तिचा नंबर छत्तीस. पुण्याच्या डॉक्टर पहिल्या दिवशी मदतनीस मुलीला ‘थ्री-सिक्स’ म्हणाल्या, तेव्हा मला वाटलं, कपाटाचा खण असेल. मग कळलं. तोंडाचे चार भाग करायचे, खालचा डावा तो तिसरा. मधल्या दातापासून मागे मोजत गेलं की सहावी येते ती ही. ३ आणि ६. देवनागरीत लिहिलं की एकमेकांकडे पाठ करून बसलेले. मी राहते त्या रेडिंगमध्ये याच जागेला ‘लोअर लेफ्ट सिक्स’ म्हणतात. तिथं भांडण नाही, नुसता पत्ता.

मूळची दाढ सुपारीनं गेली. तिचं रूट कॅनाल झालेलं, त्यामुळे आतून कोरलेली, कमकुवत. एका लग्नात जेवणानंतर विडा खाल्ला आणि सुपारीच्या खांडावर ती उभी चिरली. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत दाढ काढून मिळते, पण तिच्या जागी इम्प्लान्ट बहुधा नाही. ते अपघातात जबडा गेलेल्यांना, कॅन्सरच्या रुग्णांना. बाकीच्यांनी खासगी दवाखाना गाठायचा. तिथला आकडा ऐकून माझी उजवी दाढही ठणकली. इथले पुष्कळ लोक अशा वेळी हंगेरीला जातात, तुर्कस्तानला जातात. उपचारासाठी परदेशी जाणं म्हणजे माझ्या बाबतीत कोथरूडला जाणं. दोन वेळचं विमान धरून हिशेब कसाबसा बसत होता. नसता बसला तरी मी बसवला असता, कारण आत्याकडचे गणपती. भाद्रपदात हाडात स्क्रू बसला, संक्रांतीला त्यावर कॅप.

मधले चार महिने काहीच करायचं नसतं. हाड त्या टायटॅनियमला धरतं का, एवढीच वाट पाहायची. ते धरतं हे कळलं तेसुद्धा अपघातानं. १९५२ साली स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचा संशोधक सशाच्या पायाच्या हाडात रक्त कसं फिरतं ते पाहत होता. त्यासाठी हाडात बसवलेली टायटॅनियमची छोटी दुर्बीण काम संपल्यावर काढायला गेला, तर निघेना. हाड तिला चिकटून वाढलं होतं. दुसरा कुणी चरफडला असता, हा विचारात पडला. १९६५ मध्ये त्यानं योस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या जबड्यात पहिले असे स्क्रू बसवले. लार्सन २००६ मध्ये वारला, तोवर ते जागेवर होते. चाळीस वर्षं! माझ्या वयाला तेवढी पुरे.

पण कॅप बसवून झाल्यावर डॉक्टरांनी आरसा हातात दिला आणि म्हणाल्या, “काकू, एक लक्षात ठेवा. हा दात दुखणार नाही.”

मी म्हटलं, “मग झालंच की.”

“तेच वाईट,” त्या म्हणाल्या.

आपला दात हाडात नुसता रोवलेला नसतो. दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची एक बारीक गादी असते, मिलिमीटरच्या पाव भागाहूनही पातळ. त्या गादीत चेता असतात. म्हणून भातातला खडा दाताखाली येताक्षणी जबडा थांबतो, म्हणून माशाचा केसाएवढा काटा कळतो. इम्प्लान्टला ती गादी नाही. स्क्रू थेट हाडात. तो खड्यावर तितकाच जोर लावील जितका पुरणपोळीवर. त्याला कीड लागत नाही हे खरं, पण भोवतालच्या हिरडीला लागणारा रोग त्याच्याही हाडाला लागतो, आणि बराच पुढे जाईस्तोवर बाहेर काही कळत नाही. ब्रशवर जरासं रक्त, तोंडाला किंचित वास, एवढंच. पन्नास वर्षं माझ्या दातांनी ओरडून ओरडून स्वतःची काळजी घेतली. हा एक मुका. त्याच्या वतीनं कुरकुरण्याचं काम माझ्याकडे आलं.

आत्याला हे पटलं नाही. तिची कवळी रात्री स्टीलच्या वाटीत पाण्यात असते आणि ती तिच्याशी जवळजवळ बोलते. तिचं म्हणणं, दात घासायला राखुंडीसारखं काही नाही. मी डॉक्टरांना भीत भीत विचारलं. राख, कोळसा, मीठ, मिश्री यांतलं काहीही कॅपला लावायचं नाही. खरखरीत चूर्णानं चकाकी जाते, आणि चकाकी गेली की घाण धरते. आत्यानं ऐकून घेतलं आणि मला निघताना राखुंडीची पुडी दिली. “नवऱ्याला घासू दे,” म्हणाली.

संक्रांतीचा दिवस होता. शेजारच्या काकूंची तिळाची वडी मी उजवीकडे ढकलून चघळली आणि चार दिवसांनी विमानात बसले.

रेडिंगला आल्यावर रात्रीची दहा मिनिटं त्या दाढेची झाली. मऊ ब्रश हिरडीच्या काठाला तिरका धरून. मग फटीतला ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं पिल्लू. त्याची तार प्लॅस्टिकनं मढवलेली हवी, नाहीतर धातूवर ओरखडे येतात. मग दाढेच्या पाठीमागून दोरा. शेवटी नाइट गार्ड, कारण मी झोपेत दात खाते. कुणावर, ते विचारू नका. हे सगळं पहिले पंधरा दिवस मी हौसेनं केलं, महिनाभर कर्तव्य म्हणून आणि पुढे कंटाळत. एका रात्री चुकवलं. दाढ काही बोलली नाही. दुसऱ्या रात्री चुकवलं, तरी नाही. तेव्हा मला डॉक्टरांचं ‘तेच वाईट’ कळलं.

दर चार महिन्यांनी इथल्या हायजीनिस्टकडे जाते. पहिल्या भेटीत तिथल्या डेंटिस्टनं हात आखडता घेतला. दुसऱ्याचं काम, त्यात परक्या देशातलं. मला राग आला, पण बाजू त्याचीही होती. इम्प्लान्टच्या कंपन्या कितीतरी आणि सगळ्यांचे स्क्रू वेगळे. एकीचा पेचकस दुसरीला चालेलच असं नाही. कोणती कंपनी, व्यास किती, लांबी किती, लॉट नंबर काय, हे कळल्याशिवाय तो हात कुठे घालणार? आणि कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे हवा. पहिल्या वर्षात हाड थोडं खाली सरकतंच. किती सरकलं हे सांगायला सुरुवातीची रेघ लागते. माझ्याकडे दोन्ही होतं, इम्प्लान्टचं कार्ड आणि एक्स-रे, पासपोर्टच्या डब्यात. पैसे वाचले का, असं मला इथल्या मैत्रिणी विचारतात. मी त्यांना आधी कागद घेतलेत का ते विचारते.

मागच्या नोव्हेंबरात भाकरी चावताना ‘टक्’ झालं. दुखलं अर्थातच नाही. जीभ लावली तर कॅप केसभर हलते. पुण्यात रात्रीचे साडेअकरा झालेले, तरी डॉक्टरांना मेसेज टाकला. सकाळी उत्तर: कॅप धरणारा वरचा स्क्रू सैल झाला असेल, हाडातला नव्हे. त्या बाजूनं खाऊ नका, स्वतः फिरवायला जाऊ नका, कार्ड घेऊन जा. हाताशी नेमका पेचकस येईपर्यंत बारा दिवस गेले. मी उजवीकडून गुरगुट्या भात आणि मेतकूट खाल्लं. नवरा म्हणाला, बाळंतीण बरी.

मग खुर्ची. दाढेच्या माथ्यावरचा पांढरा ठिपका डेंटिस्टनं कोरला. खालून टेफ्लॉनच्या टेपचा बोळा निघाला, आमच्या नळाला प्लंबर गुंडाळतो तसाच, आणि त्याच्याखाली स्क्रू. त्यानं तो काढला, उजेडात धरून पाहिला. किती जोरानं आवळायचा, ते कार्डावर होतं. वाचता वाचता त्याचं बोट खालच्या ओळीशी थांबलं. तिथं निळ्या शाईत, हातानं, ‘काकू, सुपारी नाही’ असं लिहिलेलं.

“आणि हे काय?” त्यानं विचारलं.

“ते माझ्यासाठी आहे,” म्हटलं आणि तोंड उघडलं.