भिंतीकडे तोंड केलेली दमयंती

हंस काही केल्या पांढरा होईना. टिटॅनियम व्हाइटची अर्धी ट्यूब संपली, तरी तो चुन्याचाच दिसे.

राजा रविवर्म्याचं १८९९ सालचं ‘हंस-दमयंती’ नकलेला घेतलं ते हौसेनं. दमयंती विदर्भाची लेक. तिचं कौंडिण्यपूर आमच्या कन्हानहून दूर असलं, तरी माहेरचंच माणूस. मूळ चित्र तिरुवनंतपुरमला, माझ्यापुढे नुसता छापील कागद. रविवर्म्याला तरी तेलरंग कोणी हात धरून शिकवले? १८६८मध्ये त्रावणकोर दरबारी आलेल्या थिओडोर जेन्सननं त्याला फक्त रंगवताना बघू दिलं. मला तेवढंही नाही. आधी काय लावलं असेल आणि त्यावर काय, हे वाळलेल्या चित्रावरूनच ताडायचं.

साडी मी थेट लाल रंगवली. मांडवाचं कापड झालं. सगळी खरवडली. मग बर्न्ट अंबरमध्ये भरपूर टर्पेंटाइन घालून नुसत्या चुण्या काढल्या, वाळू दिल्या आणि वरून तेलातला पातळ अ‍ॅलिझरिन फिरवला. चुण्या लालातून वर आल्या. खालचा थर कोरडा, वरचा तेलकट, हा नियम पाठ होता, कळला तेव्हा.

हंसासाठी कागदाला वाटाण्याएवढं भोक पाडलं आणि त्यातून चित्र पाहिलं. मानेशी पिवळसर माती, पोटाखाली चक्क राखाडी जांभळं. निखळ पांढरा कुठे? पाठीवर, दोन बोटांएवढा.

या कामात एक आगाऊपणा केला. तेलरंगातलं तेल जवसाचं, आणि जवस तर आपल्या चटणीतला! म्हणून घाण्यावरचं तेल वापरलं. हे तेल उडून जात नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. कच्चं असलं की त्याला फार दिवस लागतात, आणि ते पिवळंही पडतं. त्यात श्रावण. शेजारच्या काकू म्हणाल्या, “बदक मस्त जमलं ना बाप्पा!” आणि बोट लावून खात्री करून गेल्या. पाठीवर ठसा राहिला.

ठसा मी बुजवीनही. धुळीचं काय करावं? रस्त्यावरून कोळशाचे टिप्पर जातात, आणि ओल्या पांढऱ्यावर बसलेला काळा कण सुईनं उचलायला गेलं की रेघ ओढतो. म्हणून कॅनव्हास थोडा पुढे कलता करून भिंतीकडे वळवून ठेवलाय. दोन आठवडे घरात दमयंतीची पाठच दिसते. रोज सकाळी मागून हात घालून काठाला करंगळी लावतो. आजही चिकटली.