पुढच्यास ठेच

ठेच लागणारा आणि शहाणा होणारा यांच्यात अंतर किती असावं? मागचा अगदी पाठीला चिकटून चालत असेल तर तोही त्याच दगडावर आपटणार. फार मागे राहिला तर पुढच्याला काही झालं हे त्याला कळणारच नाही. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण त्या अंतराबद्दल काहीच बोलत नाही. लहानपणापासून ऐकलेली ही म्हण. तिच्याकडे मी कधी इतकं निरखून पाहिलं नव्हतं. अमेरिकेतली एक दलदल पाहून आल्यापासून मात्र ही म्हण सुटता सुटत नाही.

मेरीलँडमध्ये चेसापीक उपसागराच्या पश्चिम काठाला ऱ्होड नावाची छोटी नदी येऊन मिळते. तिथे एका जुन्या गोठ्याच्या शेतजमिनीवर स्मिथसोनियन संस्थेने 1965मध्ये संशोधन केंद्र उभारलं. जंगल, शेतं, खाजणासारखी दलदल असा मोठा टापू आहे तो. दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट आहे आणि वाटेच्या दोन्ही अंगांना पारदर्शक प्लास्टिकच्या भिंतींच्या कोठ्या. वरून उघड्या, आत पंख्याची सतत घरघर. आत वाढतं ते बाहेर वाढतं तेच: एक लव्हाळा, ज्याचा दांडा बोटांत फिरवला तर तीन कडा लागतात, आणि त्याच्या पायाशी डोक्यावरच्या भोवऱ्यासारखं वळून आडवं पडलेलं बारीक गवत.

बर्ट ड्रेक या शास्त्रज्ञाने 1987मध्ये हा प्रयोग सुरू केला. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत साधारण 350 भाग कार्बन डायऑक्साइड होता. काही कोठ्यांत नळ्यांतून जादा वायू सोडून तो जवळजवळ दुप्पट ठेवला गेला, बाकीच्यांत भोवतालची हवा तशीच. म्हणजे काही लव्हाळ्यांना आपल्या नातवंडांच्या काळातली हवा आगाऊ दिली. मुद्दाम घडवलेला 'पुढचा'च तो. त्याला ठेच लागते का, कुठे लागते, हे मागून बघायचं आणि शहाणं व्हायचं.

बरीच वर्षं लव्हाळ्याला ती हवा मानवली. तो दाट वाढला, त्याने कार्बन चिखलात नेला. दलदली आपल्या चुका पोटात घेतील असं वाटावं, इतकं आशादायक चित्र होतं ते. पण त्याच वर्षांत समुद्र चढत होता. चेसापीकच्या काठाची जमीनही हळूहळू खचते आहे; हिमयुगातल्या बर्फाच्या ओझ्याचा तो हजारो वर्षं रेंगाळलेला परिणाम. मुळं जास्त वेळ पाण्याखाली राहू लागली आणि जादा वायूचा फायदा विरत गेला. 33 वर्षांच्या नोंदींनंतर संशोधकांनी तेच मांडलं. ठेच लागली, पण ज्या दगडाकडे सगळे बघत होते त्याची नव्हे.

आणि ज्या कोठ्यांत काहीच सोडलेलं नाही, तिथे काय? त्या भोवतालचीच हवा घेतात. ती हवा आज 420च्या वर गेली आहे. ज्याच्याशी तुलना करायची ते 'नेहमीचं'च इतक्या वर्षांत चालत पुढे आलं. मागचा म्हणून ज्याला उभं केलं होतं, तो जागेवर नाही. मला या प्रयोगातलं सगळ्यात जास्त काय लागलं असेल तर हे. पुढचा आणि मागचा एकाच वाटेवर चालत असतात हे म्हणीतच आहे, तरी मागचा उभा राहून बघतो असंच मी धरून चालले होते.

उपसागराच्या पलीकडच्या सखल काठावर पाइनची वाळलेली रानं उभी आहेत. तिकडे त्यांना भुतांची जंगलं म्हणतात. खारं पाणी जमिनीत शिरलं की मोठी झाडं बरीच वर्षं तग धरतात, पण त्यांच्या खाली रोपं रुजायची थांबतात. हिरवं दिसणारं रानही मग शेवटच्या पिढीचं असतं. इथे तर म्हण उलटीच पडते: पुढची झाडं ताठ उभी, आणि ठेच मागून येणाऱ्यांना.

तिथे माहिती सांगणाऱ्या बाईंनी मात्र याची दुसरी बाजू सांगितली. झाडं मरतात तिथे दलदल सरकते. समुद्र वर येतो तशी तिला आत सरकायला जागा मिळाली तर ती वाचते, मासे वाचतात, पक्षी वाचतात, चिखलात पुरलेला कार्बन वाचतो. म्हणून तिच्या वाटेत भिंती घालू नयेत. त्या हे फार मनापासून सांगत होत्या आणि माझ्या डोळ्यांपुढे मामांचं शेत आलं.

रायगडातल्या खारेपाटात मामांची भातशेती होती. बाहेर मातीचा बांध, त्याला उघाडी, ओहोटीला पाणी सोडायचं, भरतीला अडवायचं. उधाणाच्या रात्री गावातले पुरुष कंदील घेऊन बांधावर जायचे, कारण एक खांड पडली की सगळ्यांचीच शेतं जायची. आत पिकायचा तो राता, खारटपणा सोसणारा तांबडा तांदूळ. पुढे बांधाची निगा कुणी करायची यावर फक्त बोलणंच उरलं. एका पावसाळ्यात खांड पडली ती बुजलीच नाही. आता त्या शेतात तिवरं आहेत. आतले बांध अजून ओळखू येतात. त्या चौकोनांमधून तिवराची श्वासमुळं बोटभर उंचीने वर आलेली, आणि त्यांच्यातून खेकड्यांची ये-जा.

तिवरं तोडायची नाहीत. उच्च न्यायालयाने 2005मध्ये तसा आदेश दिला, 2018च्या निकालात कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग असं म्हटलं. त्या निकालाचा मला आनंद झाला होता आणि आजही होतो. मुंबईच्या खाड्या वाचायच्या असतील तर असाच निकाल हवा होता. पण मामा विचारतात, "सातबाऱ्यावर अजून भातशेतीच आहे गं. मग माझी जमीन नक्की कुठे गेली म्हणू?" त्यांना चेसापीकचं काय सांगू? मामा, तुमचं शेत गेलेलं नाही, दलदलीला सरकायला जागा मिळाली?

तसं सांगणं खरं असेलही. कदाचित त्या चौकोनांतली तिवरंच पुढच्या वादळात गावाच्या आड उभी राहतील. किंवा बांध नीट राखला असता तर शेतही राहिलं असतं आणि राताही. पनवेलला खारभूमी संशोधन केंद्र आहे. खाऱ्या जमिनीत तगणारे भाताचे वाण तिथे तयार झाले. शेतकऱ्याने जागा सोडू नये याच बाजूने ते सगळं काम. ते चूक म्हणायचं मला धाडस होत नाही.

अंतराचा प्रश्न मात्र तसाच आहे. मला आधी वाटत होतं की मेरीलँडच्या कोठ्या पुढे आहेत आणि आपण मागे. पण मामांचं जे झालं ते चेसापीकच्या काठावर जे झालं त्याच्या आधी की नंतर, आणि कुणाकडे बघून कुणी शहाणं व्हायचं होतं? मामा मागे होते म्हणावं तर त्यांच्यापुढे कुणी ठेचकाळताना त्यांना दिसलं नव्हतं. पुढे होते म्हणावं, तर त्यांच्याकडे बघून शेजारच्या गावाने बांध घालावा की सोडावा, हे मला सांगता येत नाही. त्या गावातलं कुणी मला विचारेल असं नाही. पण विचारलं तर पूर्वी माझ्याकडे उत्तर असायचं.