आर्नोकाठची छत्री

पंचगंगेच्या घाटावर करवीरच्या राजघराण्यातील समाधिमंदिरे आहेत. पावसाळ्यात नदी त्यांना कवेत घेते आणि ओसरताना पायऱ्यांवर गाळ ठेवून जाते. काठावर स्मारक उभारायचे तर पाण्याचा हा हक्क मान्य करावाच लागतो. याच घराण्यातील एका राजाची छत्री मात्र इटलीत, फ्लॉरेन्स शहरी, आर्नो नदीच्या काठी आहे.

राजाराम महाराज १८७० साली इंग्लंडला गेले. परतीच्या प्रवासात, ३० नोव्हेंबर रोजी, फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. मृतांच्या स्मरणाचा आपला महिना त्या दिवशी संपत होता. कॅथलिकांच्या त्या नगरीत दहनाची प्रथा नव्हती. तरीही अधिकाऱ्यांनी परवानगी दिली आणि आर्नो व मुन्योने या नद्यांच्या संगमावर, रात्रीच्या वेळी, चिता पेटली. त्या उद्यानाचे नाव काशिने! अर्थ गुराढोरांच्या वाड्या एवढाच. पण आमच्या कानांना तो शब्द निराळाच लागतो. १८७४ मध्ये तेथे छत्री उभी राहिली. आराखडा मेजर चार्ल्स मँट यांचा. कोल्हापूरचा नवा राजवाडाही त्यांच्याच कल्पनेतला. खांबांवर छत्र आणि त्याखाली फुलर या शिल्पकाराने घडविलेला महाराजांचा रंगीत अर्धपुतळा. भिंत कोठेच नाही. वारा, ऊन, वाटसरू, कोणालाच मज्जाव नाही, हे आम्हांस फार शहाणपणाचे वाटते.

ही हकीकत आमच्या घरात पुन्हा निघाली ती थोरल्या काकांच्या अस्थींवरून. त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झाले. अस्थी पंचगंगेत सोडाव्यात, असा काकूंचा हट्ट होता. काका याच घाटावर पोहायला शिकले होते. फादरांनी शांतपणे समजावले की, १९६३ पासून चर्चने दहनास मुभा दिली आहे. परंतु २०१६ च्या निर्देशानुसार अस्थी पाण्यात विसर्जित न करता पवित्र स्थळी जपावयाच्या असतात, कारण पुनरुत्थानाची आशा आपण देहासह बाळगतो. काकूंनी विरोध केला नाही. मात्र दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. नियम आम्हांला पटला होता. त्यांचे दुःखही पटत होते.

अखेरीस अस्थी दफनभूमीत, आजोबांच्या कबरीत ठेवल्या. शिळेवर क्रूसाखाली पायऱ्या आणि पंचगंगेच्या पाच रेघा कोराव्यात, असे काकूंनी सुचविले. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती व सरस्वती. कारागिराने चारच रेघा कोरल्या. आम्ही त्याला बोलावणे धाडण्याच्या बेतात होतो.

काकूंनी शिळेवरून हात फिरविला. “राहू द्या,” त्या म्हणाल्या, “सरस्वती गुप्तच असते.”

दोन नोव्हेंबरला कबरींना आशीर्वाद दिल्यावर आम्ही सारे त्यांच्यासोबत घाटावर जातो. माळेची प्रार्थना तेथेच होते.