आम्ही बाहेरचे

आमच्या पिढीतल्या पुण्या-मुंबईच्या अनेकांनी ऐन विशीत एक उद्योग केला. धरणात आणि वीज प्रकल्पात ज्यांची गावं जाणार होती, त्यांच्याबरोबर उभं राहायला आम्ही गेलो. गाव आमचं नव्हतं, जमीन आमची नव्हती, आणि ‘तुझं त्यात काय जातंय?’ हा घरच्यांचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

मणिबेली, चिमलखेडी, डोमखेडी. सरदार सरोवरात जाणारी नर्मदेकाठची ही गावं तेव्हा धुळे जिल्ह्यात होती. नंदुरबार जिल्हा 1998 साली झाला. एसटीने धडगाव गाठायचं आणि पुढे सातपुडा तुडवायचा. खांद्यावरच्या झोळीत आपले कपडे कमी आणि दुसऱ्यांच्या वस्तू जास्त : टॉर्चचे सेल, तापाच्या गोळ्या, चार दिवसांची वर्तमानपत्रं, सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं, वाटेतल्या गावांना द्यायच्या चिठ्ठ्या. पोहोचल्यावर नमस्कार नाही, रामराम नाही. दोन्हीकडून फक्त ‘जिंदाबाद’.

आता पत्रक पीडीएफ होऊन आमच्याआधी गावात पोहोचतं. चिठ्ठी न्यायला माणूस लागत नाही, त्यामुळे माणूस जातही नाही. ‘जिंदाबाद’ची जागा अंगठ्याने घेतली आहे, तोही पिवळा.

तेव्हा पोलीस गावात शिरले की बातमी डोंगर उतरून तालुक्याला यायची. तिथून एसटीडी बूथ. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा, म्हणून अत्याचार दुपारी झाला तरी निषेध रात्री अकरानंतर. मग तारा. मुख्यमंत्र्यांना तार, पंतप्रधानांना तार, आणि पोस्टातल्या कारकुनाची आमच्यावर रोखलेली नजर. ज्यांना तार परवडत नसे, ते 15 पैशांची पोस्टकार्डं गठ्ठ्याने लिहीत. एका रात्रीत बोटं निळी व्हायची आणि आपण देश हलवला असं वाटायचं. देश हलत नसे, पण झोप छान लागायची.

आता एका टिचकीसरशी ऑनलाइन निवेदनावर सही होते. तारसेवा 2013 साली बंद झाली, हस्ताक्षर त्याआधीच गेलं. पूर्वी निषेध करायला रात्र जागावी लागायची. आता निषेध होतो आणि चहासुद्धा थंड होत नाही.

पण खरं बोलायचं तर तेव्हाचं बरंच काही वाईट होतं. रात्रीच्या बैठकीत कंदिलाभोवती आम्ही ‘स्त्रियांचा सहभाग’ यावर तासन् तास बोलायचो, आणि स्त्रिया आत आमच्यासाठी ज्वारीच्या भाकरी थापत असायच्या. पावरी बोलणारा म्हातारा दहा मिनिटं बोलायचा, दुभाषी दोन वाक्यांत सांगायचा, आणि आम्ही त्याची दोन पानं करायचो. गाव त्यांचं, नदी त्यांची, बुडणार ते. पत्रकार परिषदेत मात्र माइक आमच्या हातात.

आज तसं चालत नाही, आणि चालू नये. 2023 च्या एप्रिलमध्ये कोकणातल्या बारसूच्या सड्यावर रिफायनरीच्या माती परीक्षणासाठी पोलिसांचा ताफा आला, तेव्हा भर उन्हात रस्त्यावर आडव्या झालेल्या बायकांचं चित्रण घटकाभरात मुंबईत पोहोचलं. त्याला दुभाषी लागला नाही. माहिती अधिकाराचा अर्ज गावातला पोरगा स्वतः करतो. नोटीस वाचून दाखवायला शहरातून कुणी यावं लागत नाही. आणि बाहेरचा म्हणावा तो तरी कितीसा बाहेरचा? कोकणात तो बहुधा गावचाच चाकरमानी असतो. विरार-नालासोपाऱ्यात बसून गावचा ग्रुप चालवतो आणि गणपतीला घरी येतो.

‘बाहेरचे’ हा शिक्का मात्र फार जुना. टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली मुळशीचा सत्याग्रह सुरू झाला, तेव्हा मावळ्यांच्या बाजूने उभे राहिलेले सेनापती बापट पारनेरचे होते. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. जान पणाला लागली, जमीन मात्र पाण्याखाली गेली. आणि साठ-सत्तर वर्षांनी ज्या मुंबईत दिव्याखाली बसून आम्ही धरणविरोधी पत्रकं लिहायचो, त्या शहराची काही वीज मुळशीच्याच पाण्यावरची होती.

आम्हाला ‘परदेशी हस्तक’ म्हणत. 2021 साली खुद्द संसदेत ‘आंदोलनजीवी’ हा शब्द आला. शिवी बदलली, मराठीला तत्सम शब्द मिळाला एवढाच फायदा. तेव्हा वाटेत अडवून परत पाठवायचे. आता निघण्याआधीच जिल्हाबंदीची नोटीस घरी येते. यालाच कारभारातली सुधारणा म्हणायचं.

मग आम्ही हळहळतो कशासाठी? थोडं स्वतःसाठीच. तेव्हा आपली गरज आहे असं वाटायचं, आणि ते वाटणं मोठं गोड होतं. हा भाग वजा केला तरी एक गोष्ट उरते : मुक्काम. पावसाळाभर एखाद्या घरात राहिल्यावर पुनर्वसनाच्या कागदावरचे ‘बाधित कुटुंब’ हे शब्द वाचताना त्या घरची कोंबडी, मोहाचं झाड आणि खोकणारी आजी डोळ्यांपुढे येत. नर्मदा लवादाने 1979 च्या निवाड्यात सरदार सरोवराच्या विजेतला 27 टक्के वाटा महाराष्ट्राला दिला, आणि त्या धरणाने महाराष्ट्रातली 33 गावं घेतली. हे दोन्ही आकडे आज कुणालाही फोनवर सापडतात. आजी सापडत नाही.

मुक्कामातून कामंही निघायची. केरळचे दोन तरुण अभियंते धडगाव तालुक्यातल्या बिलगावात राहिले, आणि गावाच्या श्रमदानातून 2003 साली धबधब्यावर छोटा वीज प्रकल्प उभा राहिला. विकासाला विरोध करणाऱ्यांच्या गावात स्वतःचे दिवे लागले. 2006 मध्ये तो प्रकल्पही पाण्याने गिळला. हरायचं आम्हाला नवं नव्हतं. पण ते हरणं कुणी दुरून पाहिलेलं नव्हतं.

जुने दिवस परत यावेत असं मी म्हणणार नाही. ज्या गावाला स्वतःचा आवाज आहे, त्याला आमच्या भाषणांची गरज नाही, आणि ही गेल्या तीस-चाळीस वर्षांतली चांगलीच गोष्ट आहे. पण खटल्याच्या तारखांना बरोबर जायला, कागदांच्या प्रती काढायला, पोलीस दारात असताना ओट्यावर बसायला आजही माणूस लागतो. तेव्हा सही जरूर करा, व्हिडिओ पुढे पाठवा, पैसेही द्या. जमलं तर आठ दिवस राहायला जा. फक्त जाण्याआधी आपली भाकरी आपण थापायला शिकून घ्या.